लेथवरचा गंधक

वडगाव रासाईच्या परिसरात गंधक कुणाला अनोळखी नाही. भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका, दुसऱ्या काठाला दौंड, आणि दोन्हीकडे ऊस. साखर पांढरी निघावी म्हणून कारखान्यात गंधक जाळतात आणि त्याचा वायू चुन्याबरोबर उसाच्या रसात सोडतात. द्राक्षाच्या बागेवर भुरी दिसली की गंधकाचीच फवारणी होते. कांदा चिरताना डोळ्यांना पाणी आणणारं द्रव्यसुद्धा गंधकाचंच. त्यामुळे इथल्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ सुरू झाला आणि काळ्या दांड्यातून उग्र भपका बाहेर आला, तर शेजारी घाबरत नाहीत. एवढंच विचारतात, "काय जळतंय?"

जळत काहीच नसतं. आत शाईचं पेन घडत असतं.

हा दांडा इबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा. त्याच्या वासाचं काय करायचं, यावर पेन घडवणाऱ्यांत आणि वापरणाऱ्यांत दोन तट आहेत. ते इथे मामा आणि भाचीच्या तोंडून मांडले आहेत. माणसं वादासाठी उभी केलेली, वाद मात्र खरा. मामा आयटीआय झालेले टर्नर. उमेदीची वर्षं रांजणगावच्या एमआयडीसीत काढली आणि निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये जुना लेथ बसवून पेनं करू लागले. भाची पुण्यात रसायनशास्त्र शिकवते. सुट्टीत मामाकडे आली, शेडच्या दारात उभी राहिली आणि ओढणी नाकाला लावली. वादाला तेवढं पुरलं.

"वास येणारच की गं," मामा म्हणाले. "गंधक घातल्याशिवाय हे रबर कडक होत नाही. ॲक्रिलिकला वास नाही, पण ते हातात धरल्यावर गार आणि बुळबुळीत लागतं. हे बघ धरून. ऊब आहे की नाही? घाम आला तरी बोटातून सुटत नाही. आणि खरं की खोटं ओळखायचं असेल, तर अंगठ्यानं जोरात घासायचं आणि हुंगायचं. जुनी पेनं जमवणारे असंच ओळखतात. वास घालवलास तर ओळख घालवलीस."

"ओळख पटायला चिमूटभर वास पुरतो मामा," भाची म्हणाली. "हा तर घमेलंभर आहे."

तिचं म्हणणं नीट समजायचं तर दांड्याच्या पोटात काय आहे ते पाहावं लागतं. चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये दिसलं की रबरात गंधक मिसळून तापवलं तर ते उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही. त्याचं पेटंट 1844 चं. गंधकाचं प्रमाण खूप वाढवलं की रबर लाकडासारखं कडक होतं. त्या कडक रबराचं अमेरिकी पेटंट त्याच्या भावानं, नेल्सन गुडइयरनं, 1851 मध्ये घेतलं. गाडीच्या टायरमध्ये रबराच्या शंभर भागांना गंधकाचे एक ते तीन भाग असतात. इबोनाइटमध्ये तेच तीस ते पन्नास होतात. म्हणजे मामांच्या हातातल्या दांड्याचा वजनानं चौथा ते तिसरा हिस्सा गंधकच आहे. दांडा कित्येक तास तापवून शिजवतात, तेव्हा गंधक रबराच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतो. शिजवण चांगली झाली तर मोकळा गंधक थोडा उरतो. कच्ची राहिली तर जास्त उरतो, आणि असा दांडा कपाटात नुसता ठेवला तरी वास मारतो.

पण चांगला शिजलेला दांडासुद्धा लेथवर वास सोडतोच, कारण तिथे त्याला पुन्हा उष्णता लागते. हत्याराच्या टोकाशी घर्षण होतं, गंधकाचे काही बंध तुटतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू निसटतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच. थोडक्यात, वासाचं मूळ गंधकात असलं तरी तो किती यावा हे उष्णतेवर ठरतं. आणि उष्णता टर्नरच्या हातात असते.

इथे मामा खुलले, कारण हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

"हत्यार धारदार असेल ना, तर किस लांब निघतो. रिबन. हाताला गार लागतो. धार गेली की भुकटी पडायला लागते आणि वास एकदम चढतो. हे रबर दिसतं गरीब, पण धार खातं. म्हणून मी मीटर-बिटर काही ठेवत नाही. नाक हेच माझं मीटर. वास चढला की लेथ बंद, हत्यार ग्राइंडरवर."

"आणि ड्रिल मारताना?"

"तिथे खरी गंमत. पोकळ नळी काढायची म्हणजे ड्रिल आत खोल जातं, किस बाहेर यायला वाट नाही. सलग दाबलंस तर आतून धूर येतो. थोडं मारायचं, बाहेर काढायचं, किस झाडायचा, परत आत. घाई केली की भोक जळतं, आणि तो वास टोपणाच्या आत बसतो तो बसतोच."

ड्रिलची ही गोष्ट या सगळ्या विषयात सर्वांत कामाची आहे, आणि बाहेर फारशी बोलली जात नाही. पेनाचा वास म्हटलं की लोक बाहेरचा पृष्ठभाग घासत बसतात. बाहेरचा भाग शेवटी वॉटर पेपरनं ओला घासला जातो, बफवर चकाकतो, रोज हवेत आणि हातात राहतो. तिथला वास लवकर ओसरतो. टोपणाची आतली बाजू मात्र जशी कापली तशी खरखरीत राहते आणि दिवसभर बंद असते. टोपण उघडल्यावर येणारा भपका तिथला असतो. तो कमी करायचा तर ड्रिलचं काम थंड ठेवावं लागतं, आतली भिंत रीमर किंवा बोरिंग टूलनं साफ करावी लागते, आणि मग पाण्यात चार थेंब सौम्य साबण टाकून आटे-बिटे मऊ ब्रशनं धुवावे लागतात. बारीक भुकटी आट्यांत अडकून राहते, आणि तिच्यातून वास निघत राहतो.

भाचीनं मामांच्या मीटरवरच बोट ठेवलं. "मामा, तुमचं नाक किती वेळ चालतं?"

"म्हणजे?"

"सकाळी शेड उघडल्यावर वास येतो तुम्हाला. तासाभरानं येतो?"

मामा गप्प झाले. चहा घेऊन आलेल्या मामी दारातूनच बोलल्या, "अहो, तुम्हाला नाही येत. मला अंगणात येतो. ह्यांचे कपडे मी वेगळे भिजवते, सांग त्यांना."

हा मुद्दा नुसता घरगुती नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेच्या अब्ज भागांत काही मोजके भाग असला तरी माणसाला कळतो, इतकं आपलं नाक त्याच्याबाबतीत तीक्ष्ण आहे. पण तेच नाक सतत त्याच वासात राहिलं की थकतं आणि कळवणं सोडून देतं. हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास हा वायू गेला, तर नाक बधिरच होतं. गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरलेल्या कामगारांचे जीव जातात, त्यात हे एक कारण असतं. पेनाच्या शेडमध्ये वायू त्या पातळीच्या जवळपासही जात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं; इथे त्या भीतीला जागा नाही. पण दिवसभर लेथसमोर उभ्या असलेल्या माणसाला चढलेला वास कळेलच, या भरवशाला मात्र आधार नाही. शिवाय बारीक भुकटी आहे, ती वासापेक्षा छातीला जास्त त्रास देते, आणि दमा असलेल्याला गंधकाचे वायू थोडेसुद्धा सोसत नाहीत.

"मग काय, मास्क लावून बसू?"

"लावा. आणि पंखा तुमच्या पाठीमागून वारा घालतो, तो काढून समोरच्या खिडकीत बाहेर तोंड करून बसवा. वारा तुमच्याकडून लेथवर आणि लेथवरून बाहेर जाऊ दे. किस रोज संध्याकाळी गोळा करा, झाकणाच्या डब्यात भरा आणि शेडच्या बाहेर ठेवा. रात्रभर शेडमध्ये पडलेला ढीगच सकाळी वास मारतो."

"आणि चुलीत नका टाकू," मामी म्हणाल्या. मामांनी नजर चुकवली.

मामी बरोबर बोलल्या. इबोनाइटचा किस जाळला की सल्फर डायऑक्साइडचा लोट उठतो.

वादाला खरी धार आली ती मामींच्या पैंजणांवरून. शेड झाडायचं काम त्यांचं, आणि पैंजण काळे पडतात ही त्यांची जुनी कुरकुर. मामांच्या मते चांदी काळी पडायचीच. भाचीच्या मते चांदी का काळी पडते, हाच प्रश्न आहे. चांदीला हवेतला गंधकाचा वायू लागला की तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर चढतो, आणि इबोनाइट हा असा वायू हळूहळू सोडत राहणारा पदार्थ आहे. वस्तुसंग्रहालयं याबाबत फार काटेकोर असतात. कपाटात चांदीच्या शेजारी कडक रबराची वस्तू ठेवायची नाही, हा तिथला दंडक. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी 1973 मध्ये एक साधी चाचणी मांडली: तपासायचा पदार्थ आणि चांदी, तांबं, शिसं यांचे चकचकीत पत्रे थोड्या पाण्यासह बंद काचपात्रात ठेवायचे, 60 अंश सेल्सिअसला 28 दिवस, आणि मग पत्र्यांची अवस्था पाहायची. जगभरची संग्रहालयं आजही ती वापरतात.

"आपण इथे करू," भाची म्हणाली. "दोन काचेच्या बरण्या, दोन जुनी चांदीची नाणी घासून चकचकीत केलेली. एका बरणीत तुमचा किस, दुसरी रिकामी. झाकणं घट्ट. उबदार जागी ठेवा आणि महिन्यानं बघा."

"आणि काळं पडलं तर काय, धंदा बंद करू?"

"नाही. चांदीची रिंग बसवणं बंद करा. सोन्याचा मुलामा द्या किंवा स्टील वापरा. आणि गिऱ्हाइकाला सांगा की हे पेन चांदीच्या दागिन्यांजवळ ठेवू नका."

मग मामांनी त्यांचं ठेवणीतलं अस्त्र काढलं. त्यांच्या शेडमध्ये गांधीजींचं चित्र आहे, आणि ते उगाच नाही.

गोष्ट वर्ध्याची आहे. 1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा कारभार जे. सी. कुमारप्पा वर्ध्याच्या मगनवाडीतून पाहू लागले. आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी घडवलेलं स्वदेशी पेन याच कुमारप्पांच्या हस्ते गांधीजींकडे पोचलं. 16 जुलै 1935 रोजी गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना आभाराचं पत्र लिहिलं: पेन वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो, असा त्याचा आशय. रत्नम पेनांची ख्याती इबोनाइटची, आणि ते घराणं आजही पेनं करतं. लेथ, हातात धरलेलं हत्यार आणि काळा दांडा, एवढ्यावर उभा राहिलेला हा ग्रामोद्योग आहे. पुढे मुंबईच्या एअरमेल कंपनीनं इबोनाइटची पेनं केली, पुण्यात फॉस्फर या नावानं हातानं पेनं घडवली जातात. वडगाव रासाईसारख्या गावात एखाद्या टर्नरला ही वाट धरावीशी वाटली, तर तिच्यामागे जवळजवळ नव्वद वर्षांची देशी परंपरा उभी आहे. तिचा अभिमान बाळगायलाच हवा.

"महात्म्यानं वापरलं," मामा म्हणाले. "वासाची तक्रार केली? आणि परदेशात तर लोकांनी हे रबर तोंडात ठेवलं. कवळ्या याच्याच होत्या ना?"

"होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ॲक्रिलिक येईपर्यंत, जवळजवळ ऐंशी वर्षं. आणि आपल्या लग्नातले बँडवाले क्लॅरिनेटचं माउथपीस ओठात धरतात, तेही बहुतेक याचंच. विषारी आहे असं मी म्हणतच नाही मामा. पण आभाराच्या चार ओळींत वासाचा हिशेब कोण देतो? आणि तेव्हा पर्याय तरी कुठे होता?"

तिचा शेवटचा मुद्दा इतिहासाला धरून आहे. 1920 च्या दशकापर्यंत जगातली बहुतेक शाईची पेनं कडक रबराची होती. पार्करचं लाल ड्युओफोल्ड 1921 मध्ये आलं तेव्हा तेही रबराचंच होतं. शेफरनं 1924 मध्ये सेल्युलॉइडची पेनं बाजारात आणली, पार्करनंही लवकरच रबर सोडलं, आणि बाजार पालटला. कारणं दोन: रबराला मोजकेच रंग चढत, आणि ते पडलं की तुटे. वासामुळे कुणी रबर सोडलं नाही. पण आज इबोनाइट घेणारा माणूस शंभर पर्यायांतून ते निवडतो. तो जास्त पैसे मोजतो, म्हणून जास्त विचारतो, आणि त्यानं विचारणं योग्यच आहे.

मग इबोनाइट हवंच कशाला? याचं उत्तर पेनाच्या पोटात आहे. निबेखालची जीभ, म्हणजे फीड, काही उत्तम पेनांत अजून इबोनाइटचीच करतात, कारण शाई तिच्यावर नीट पसरते, आणि गरम पाण्यात मऊ करून ती निबेच्या वळणावर नेमकी बसवता येते. नळीत थेट शाई भरायच्या ड्रॉपरच्या पेनाला इबोनाइट मानवतं. शाईनं ते झिजत नाही, आट्यांना थोडं ग्रीस लावलं की गळत नाही. हे गुण वासापेक्षा मोठे आहेत, यावर मामा-भाचीचं दुमत नव्हतं.

दुमत होतं ते वास झाकण्यावर. मामांच्या एका ओळखीच्या माणसानं डबीत अत्तराचा बोळा ठेवायला सुचवलं होतं, आणि मामांना ते पटत आलं होतं. भाची उसळली.

"गुळाला हायड्रॉस मारून पिवळा करतात आणि आपण त्याला नावं ठेवतो. मग पेनाला अत्तर कशाला? दोन दिवसांत अत्तर उडेल, खालचा वास तिथेच असेल, आणि गिऱ्हाईक म्हणेल, लपवलंत."

"बरं, मग लाखेचा थर देऊ. तू तरी काय सुचवतेस?"

"जपान्यांनी दिला. नामिकी कंपनीनं 1920 च्या दशकातच इबोनाइटवर उरुशी लाख चढवली, उजेडानं रंग उडू नये म्हणून. त्यात लपवाछपवी नाही, ती कारागिरी आहे. पण ते काम महिने-महिने चालतं, आणि टोपणाची आतली बाजू बहुधा उघडीच राहते. शिवाय तुमची ती ऊब? लाखेखाली ती कुठे लागणार हाताला?"

मामा हसले. आपलाच मुद्दा आपल्याकडे परत आला होता.

"उन्हात ठेवतो मग. दोन दिवसांत जाईल वास."

"अजिबात नको." या वेळी ती खरोखर कळवळून बोलली. "ऊन आणि दमट हवा मिळाली की पृष्ठभागावरचा गंधक आम्लात बदलतो. काळं पेन आधी मळकट हिरवं, मग तपकिरी दिसायला लागतं. कढत पाण्यानंही रंग जातो. वास काढायच्या नादात पेन जाईल. सावलीत ठेवा, वाऱ्यावर, टोपण काढून, सुटे भाग वेगळे करून. घाई असेल तर पत्र्याच्या डब्यात सक्रिय कोळशाची पुरचुंडी आणि पेनाचे भाग एकत्र ठेवा. कोळसा वायू शोषतो. पण सगळ्यात चांगलं म्हणजे वेळ द्या. पेन झालं की लगेच पाठवू नका. काही आठवडे उघडं ठेवा, मग पाठवा."

"गिऱ्हाईक थांबतं का इतकं?"

"सांगितलं तर थांबतं."

मामांनी यावर हो म्हटलं नाही. पैसे अडकून पडतात, लोक रोज फोन करतात, दांडे उधारीवर आणलेले असतात. एकट्या कारागिराची ही अडचण खरी आहे आणि भाचीकडे तिचं उत्तर नव्हतं. पण पंखा त्यांनी त्याच संध्याकाळी फिरवला, आणि मामींनी दोन बरण्या धुऊन ठेवल्या.

या वादात भाचीचं पारडं जड वाटतं, आणि त्याचं कारण विज्ञान तिच्या बाजूला आहे एवढंच नाही. मामा वासाकडे मालाचा गुण म्हणून पाहत होते. तिनं तो कामाच्या पद्धतीचा हिशेब म्हणून पाहायला लावला. बोथट हत्यार, घाईचं ड्रिल, न धुतलेले आटे, शेडमध्ये साचलेला किस, कच्चा शिजलेला स्वस्त दांडा: वासाची बहुतेक कारणं पेन गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधीची आहेत आणि ती कारागिराला आवरता येतात. उरलेला थोडा वास इबोनाइटचा स्वतःचा. तो काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत मंद होतो. अंगठ्यानं घासलं तर वर्षांनंतरही पुन्हा येतो. तेवढा मामांचा. तो झाकू नये, या त्यांच्या मूळ आग्रहात तथ्य आहे, आणि भाचीनंही शेवटी त्याचीच बाजू घेतली.

वाचकांपैकी कुणी इबोनाइटचं नवं पेन घेतलं असेल, तर पहिले काही आठवडे ते बंद डबीत ठेवू नका. टोपण सैल करून सावलीत, वाऱ्यावर राहू द्या. धुवायचं तर साध्या थंड पाण्यात. चांदीच्या वस्तूंपासून लांब ठेवा. आणि कारागिराकडून पेन मागवताना एवढं जरूर सांगा: "घाई नाही, नीट वाळवून पाठवा."